वन्संची पसंती

प्रेम म्हणजे नेमकं काय, हे कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून एकाच माणसाला कळलेलं आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते माणूस म्हणजे आमच्या वन्सं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचं लग्न झालेलं नाही. हे वाचून कुणाला हसू येत असेल तर त्यानं एखाद्या रविवारी कर्जतच्या वाचनालयात यावं, एखादी प्रेमकादंबरी उचलावी आणि वन्संच्या समोरून ती घरी नेऊन दाखवावी. मी या घरात सून म्हणून आले त्याला आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. या काळात घरातल्या एकेकाला घाबरायचं संपत गेलं, सासूबाईंना घाबरायचं तर पहिल्या दिवाळीतच संपलं, पण वन्सं समोर आल्या की माझा हात अजून आपोआप पदराकडे जातो.

वन्सं सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या आणि निवृत्त होऊनही सिस्टरच राहिल्या. उंचपुरा बांधा, खळ घातलेली सुती साडी, आणि चपलांचा आवाज असा की तो वाचनालयाच्या पायऱ्यांवर ऐकू आला की आत पंख्याखाली डुलक्या घेणारे पेन्शनर सावरून बसतात. कडावला, आमच्या गावी, अंगणापलीकडे त्यांनी स्वतःच्या पैशानं दोन खोल्या बांधल्या आहेत. अंगण ओलांडून आमच्याकडे मीठ मागायला आल्या तरी त्या दाराला कुलूप लावून येतात आणि किल्ली कमरेला खोचतात. गावात चोरी अशी होत नाही, झाली तर कोंबडीची होते. पण कुलूप लागतंच. आत पुस्तकं आहेत आणि ती सगळी प्रेमाची आहेत. दुसऱ्या पुस्तकांना तिथे थारा नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांत घोडे फार असतात आणि सामाजिक कादंबऱ्यांत भाषणं, असं त्यांचं म्हणणं. प्रेमाच्या कादंबरीत निदान माणसं असतात, आणि माणसं बघण्यात वन्संचा जन्म गेला.

आपल्याकडे मुलगी द्यायची झाली की आधी कुणीतरी स्थळ बघून येतं, आणि त्यातला जाणकार माणूस ठरलेल्या दिवशी कधी जात नाही. ठरलेल्या दिवशी सगळ्यांचीच घरं झाडलेली असतात. तो भलत्याच दिवशी, भर दुपारी, ‘इकडूनच चाललो होतो’ म्हणत पाणी प्यायला टेकतो आणि तेवढ्यात काय ते बघून घेतो. वन्सं कादंबरी अशीच बघतात. पहिलं पान त्या उघडतच नाहीत. ‘पयल्या पानावर सगळेच आंघोळ करून बसलेले असतात,’ असं त्या म्हणतात. मधेच कुठेतरी बोट घालायचं, दोन-चार पानं वाचायची आणि त्या दुपारी त्या घरात काय चाललंय ते बघायचं. नायक नायिकेशी कसा बोलतो याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. तिच्याशी तो गोडच बोलणार. तो रिक्षावाल्याशी कसा बोलतो, धाकट्या भावाला काय म्हणून हाक मारतो, जेवून उठल्यावर ताट कुठे ठेवतो, हे त्या बघतात. एवढ्यात पुस्तक टिकलं तरच ते घरी जातं, आणि मग मात्र पहिल्या पानापासून, सावकाश, मधेमधे मांडीवर पालथं ठेवत वाचलं जातं.

निकालही स्थळाच्याच भाषेत लागतो. नकार तोंडावर द्यायचा नाही ही आपली रीत, आणि वन्सं ती अशी पाळतात की जणू लेखक कपाटामागे कान देऊन उभा आहे. रविवारी सकाळी त्या पुस्तक परत करतात तेव्हा चार-सहा बायका आणि ‘आम्ही सहज आलो’ असा चेहरा केलेले दोन-तीन पुरुष तिथे रेंगाळत असतात. ‘घर चांगलं हाय, पण लांब पडतं’ म्हणजे पुस्तकात बरीच पानं उगाच आहेत. ‘मुलगा हुशार हाय, पण आईच्या मुठीत हाय’ म्हणजे नायकाला स्वतःचं डोकं नाही, लेखक सांगेल तसं वागतो. ‘मुलगी सुंदर हाय’ हे एकदा म्हणाल्या तर ठीक. दोनदा म्हणाल्या की समजायचं, बाकी काहीच नाही. आणि नुसतं ‘कळवते’ म्हणाल्या तर त्या पुस्तकाला पुढे महिनोन्महिने कुणी हात लावत नाही. ग्रंथपाल मनीषाताईंनी एकदा माझ्याकडे गाऱ्हाणं केलं की सिस्टरांच्या पायी नवीकोरी पुस्तकं कपाटात पडून राहतात. गाऱ्हाणं त्या हळू आवाजात करत होत्या आणि डोळा दाराकडे होता.

एका कादंबरीत आमच्याच भागातला एक किल्ला आला होता. नायक-नायिका पायथ्याच्या गावातून निघतात, चढता चढता आपापलं बालपण, आईवडील, पुढच्या आयुष्याची स्वप्नं असं सगळं एकमेकांना सांगतात आणि माथ्यावर पोचेपर्यंत प्रेमात पडलेले असतात. वन्संना पुस्तक आवडलं होतं, पण मनात कुसळ राहिलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मला डबा खायलाही वेळ न देता त्या किल्ल्यावर घेऊन गेल्या. चढण लागल्यावर त्यांनी फर्मावलं, आता तुझं लहानपण सांग. मी खालापूरची. माझ्या लहानपणात सांगण्यासारखं फारसं काही नाही, पण जे होतं तेही मला दुसऱ्या वळणापुढे सांगता येईना. वडिलांची बदली झाली इथपर्यंत आले आणि दगडावर बसले. वन्संनी तेव्हा साठी ओलांडलेली होती. पदर कमरेला खोचून त्या वर उभ्या होत्या, माझं पुढचं लहानपण ऐकायला, आणि त्यांना दम म्हणून लागलेला नव्हता. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी निकाल दिला. ‘चढता येतं. प्रेमात बी पडता येतं. पण एवढं बोलता येत नाय गं. गप चढली असती ना दोघं, तर मी रडले असते.’ मला धाप लागली होती म्हणून मी काही बोलले नाही, पण उतरताना सारखं वाटत राहिलं की या बाईनं एका वाक्यात त्या लेखकाला लिहायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी माझे पाय उचलत नव्हते आणि वन्सं वाचनालयात वेळेवर हजर होत्या.

आजारपणाच्या बाबतीत तर त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. विरहानं फणफणलेली नायिका आली की त्या विचारतात, ताप किती होता ते का लिवलेलं नाय? एका नायकाला नायिकेनं शेजारच्या खाटेवर पडून, कुणालाही काही न विचारता, स्वतःचं रक्त दिलं. मनीषाताईंच्या डोळ्यांत ते वाचून पाणी आलं होतं. वन्सं म्हणाल्या, तपासणी न करता दिलंय, तो वाचला म्हणजे लेखकाचं नशीब. योगायोगांचाही त्यांचा असाच हिशोब आहे. पावसात नेमकी त्याचीच छत्री मिळणं, हरवलेलं लॉकेट बाजारात सापडणं, असलं काही एकदा झालं तर त्या काही म्हणत नाहीत. देव एकदा मदतीला येतो, हे लोक त्याला पुन्हा पुन्हा बोलावतात, एवढीच त्यांची तक्रार.

कर्जतजवळ फार्महाउस बांधून राहिलेले एक कादंबरीकार एकदा वाचनालयात भाषणाला आले होते. भाषण छान झालं. शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटल्यावर वन्सं उठल्या. मी डोळेच मिटून घेतले. त्यांनी अगदी आदरानं विचारलं की तुमच्या कादंबरीत नायकाची आई अंथरुणाला खिळलेली आहे, आणि नायक प्रेयसीला घेऊन महाबळेश्वरला जातो. तर त्या चार दिवसांत आईला जेवायला कोण घालत होतं? कादंबरीकार हसले, मग हसायचे थांबले, आणि म्हणाले की खरंच, माझ्या लक्षातच आलं नाही. माणूस मोठ्या मनाचा. पुढच्या आवृत्तीत त्यांनी एक शेजारीण घातली आणि पहिली प्रत वन्संना आणून दिली. वन्संनी शेजारणीचं पान तेवढं वाचलं आणि त्यांना कोकमाचं सरबत दिलं. त्या औषध सोडून कुणाला काही देतात हे मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

पण त्या नुसती नावं ठेवतात असं कुणी समजू नये. पुस्तक मनापासून आवडलं की वन्सं गप्प होतात. वाचनालयात निकाल लागत नाही, त्यांच्या चुलीवरचं दूध उतू जातं. एकदा अशाच दुपारी त्या माझ्या ओटीवर येऊन बसल्या, बराच वेळ कोंबड्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘त्याला ठाऊक हाय, ती चहा अर्धा पिऊन मग साखर घालून घेते.’ मला वाटलं, गावातल्या कुणाबद्दल बोलताहेत. त्या पुस्तकातल्या दोघांची शेवटी ताटातूट होते, भेट होतच नाही, तरी वन्संच्या मते एवढी चांगली प्रेमकथा वर्षानुवर्षं झाली नव्हती. दोघं शेवटी भेटली की नाही याच्यावर काही नसतं, असं त्या म्हणतात. एकाला दुसऱ्याची खोड पाठ हवी. ती नसेल तर बागेत फिरवा, बर्फात फिरवा, काही उपयोग नाही. मी घरी जाऊन विचार करत बसले की आमच्या ह्यांना माझी कुठली खोड पाठ आहे, आणि दोन दिवस ह्यांच्याशी नीट बोलले नाही.

आता इतकं सगळं ज्या बाईला कळतं तिनं स्वतः लग्न का केलं नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. आमच्या घरात तो कुणाला पडत नसे, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी दार लोटून, डोळ्यांना पदर लावून मला ते सांगितलं. वन्सं तरुण असताना, पहिल्याच नेमणुकीवर, भिवपुरीच्या वीजकेंद्रातला एक ऑपरेटर भाजलेला हात घेऊन दवाखान्यात आला. पट्टी बदलता बदलता दोघांचं जमलं. मग त्याची बदली झाली, परत येतो म्हणून गेला, आणि आला नाही. पोर त्याची वाट बघत राहिली. तेव्हापासून घरानं वन्संना असं जपलं होतं की विचारू नका. भिवपुरी हा शब्द घरात उच्चारायचा नाही. म्हणायचंच झालं तर ‘पलीकडचं स्टेशन’ म्हणायचं. वन्सं गाडीत असल्या आणि भिवपुरीचा फाटा आला की आमचे हे एकदम भाताच्या भावाबद्दल बोलायला लागत. लाइट गेली तरी वीजवाल्यांना कुणी शिव्या द्यायच्या नाहीत, गुपचूप मेणबत्ती लावायची. लग्नकार्यात अक्षता पडताना कुणीतरी वन्संच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, न जाणो भोवळ आली तर. पहिली करंजी त्यांना, खिडकीची जागा त्यांना. आणि वन्सं हे सगळं काही न बोलता घेत राहिल्या. त्यांच्या त्या गप्प राहण्याचंही आम्हाला कोण कौतुक होतं.

तर आमची तेजू. तेजू माझी मुलगी, वन्संची एकुलती एक भाची. खोपोलीला एका कंपनीत नोकरी करते आणि जाता-येता बसमध्ये मोबाइलवर तिनं अख्खी कादंबरी लिहिली, प्रेमाचीच. पुण्याच्या एका प्रकाशकाला ती पसंत पडली, छापू असं त्यांचं उत्तर आलं, तेव्हा कुठे तिनं मला वाचायला दिली. मी वाचली. कादंबरीत एक शिक्षिका होती. उंच, खळ घातलेल्या साड्या नेसणारी, अविवाहित. तिचा कुणी एक इंजिनियर बदली होऊन गेलेला, आणि ती दर रविवारी एका लहानशा स्टेशनच्या बाकावर त्याची वाट बघत बसते. गाड्या येतात, जातात, केस पांढरे होतात, ती आपली बसलेलीच. सिस्टरची मास्तरीण केली आणि स्टेशनला खोटं नाव दिलं म्हणजे झालं, असं आमच्या कन्येला वाटत होतं. मी म्हटलं, अगं, हे कडावचं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल.

‘म्हणून तर आत्याला आधी देणार आहे,’ तेजू म्हणाली. ‘तिनं नको म्हटलं तर मी मागे घेईन. तिला न विचारता नाही छापणार.’

एवढी मेहनत ती एका माणसाच्या हातात नेऊन ठेवत होती, आणि ते माणूस म्हणजे वन्सं. दुसऱ्या कुणाला दिली असती तर निदान लाजेकाजेस्तव बरं म्हणाला असता.

वन्संनी पानांचा गठ्ठा घेतला. मधे बोट घातलं नाही. वरचं पान वरच ठेवून तो काखेत धरला, कुलूप उघडलं आणि आत गेल्या. मग काही दिवस त्या दिसल्या त्या फक्त दूध घेताना. रविवारी वाचनालयातही गेल्या नाहीत. सिस्टरांना बरं नाही का म्हणून मनीषाताईंचा फोन आला. आमचे हे माझ्यावर चिडले. इतकी वर्षं आम्ही जपलं आणि तुझ्या पोरीनं खपली काढली, म्हणाले. पोरगी चांगलं वागली की ह्यांची असते. तेजू जेवेना. मला दोघींची काळजी लागली होती. वन्संचं मन मोडलं तर ते सांधणार कोण, आणि हे पुस्तक गेलं तर तेजू पुन्हा कधी लिहायला बसेल की नाही, हे दोन प्रश्न घेऊन मी शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी राहायची.

एका सुट्टीच्या दुपारी मी ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसले होते. वन्सं आल्या, माझ्यासमोरचं ताट अर्धं आपल्याकडे ओढलं आणि तेजूला आणि ह्यांना हाक मारली. सोलता सोलताच बोलायला लागल्या. आधी चांगलं ते सांगितलं. भाषा साधी आहे, माणसं एकमेकांवर खेकसतात ती खरी खेकसतात, त्या इंजिनियरची आई तर झकास जमली आहे, तिला चार पानं जास्त दिली तरी चालतील. तेजूच्या चेहऱ्यावर रंग आला. मग वन्संनी हातातला वाल ताटात टाकला.

‘पण ती बाकावर बसते ना, ते खोटं हाय.’

‘आत्या, ते मी जरा वाढवलंय,’ तेजू पुटपुटली.

‘वाढवलं नाय, उलटं केलंयस. मी कुणाची वाट बघितली नाय. त्यानं बघितली.’

मी सोललेला वाल टरफलांत टाकत होते ते माझ्या नंतर लक्षात आलं. वन्सं शांतपणे सांगत गेल्या. तो माणूस परत आला होता. वर्षाच्या आत बदली करून घेऊन भिवपुरीलाच आला. दवाखान्यातल्या औषधं देणाऱ्या माणसाकडून त्यानं विचारणा केली, आईला घेऊन येऊ का. वन्सं म्हणाल्या, विचार करते. त्यानं पुन्हा निरोप धाडला, पुन्हा तेच. मग तो स्वतः यायला लागला, खोकला झाला म्हणून, पाय मुरगळला म्हणून. प्रश्न तोंडानं पुन्हा विचारत नसे, दवाखान्याच्या बाकावर बसून राहत असे, आणि वन्सं त्याला खोकल्याचं औषध देऊन परत पाठवत. अशी वर्षं गेली. शेवटी त्याच्या घरच्यांनी दुसरीकडे जमवलं.

‘तुला आवडत नव्हते का ते?’ तेजूनं विचारलं.

‘आवडत होता. लई आवडत होता.’ वन्संनी ताटातली टरफलं एका कडेला सारली. ‘पण मला दवाखान्याच्या मागं खोली मिळाली होती गं. जन्मात पयल्यांदा. ड्युटी करून यायचं आणि आपलं कुलूप आपण उघडायचं. उशीर का झाला म्हणून आत कुणी विचारणारं नाय. रोज म्हणायचे, उद्या हो म्हणून टाकू. आणि रोज कुलूप उघडलं की वाटायचं, अजून एक दिवस.’

‘आक्का, मग आमाला सांगितलं का नाय?’ ह्यांचा आवाज चिरकला. ‘आमी एवढी वर्सं तुला बिचारी समजून...’

‘त्यातच माझी सोय होती रं,’ वन्सं म्हणाल्या. ‘बिचारीला कुणी स्थळं आणत नाय.’

आणि भिवपुरीचं म्हणाल तर तिथे त्या दर महिन्याला जात होत्या. तिथल्या एका बाईचे पोह्याचे पापड चांगले असतात. आम्ही तेच पापड वर्षानुवर्षं तळून खात होतो. ह्यांनी भिंतीला डोकं टेकलं. पहिल्यांदा हसल्या त्या वन्संच, मग तेजू, आणि शेवटी हेसुद्धा, पण ह्यांच्या हसण्यात थोडं रडू होतं. बहिणीसाठी एवढी वर्षं केलेलं दुःख असं एका दुपारी परत घ्यायचं म्हणजे माणसाला जड जातंच.

तेजूचं हसू लवकर ओसरलं. ती म्हणाली, मग मी हे पुस्तक मागे घेते, कारण ते खोटं आहे. वन्संनी मान हलवली. मागे घ्यायचं नाही, खरं करायचं. तिला बाकावरून उठवायचं आणि त्याला बसवायचं. कुलपाचं लिहायचं. आणि स्टेशनचं ते खोटं नाव काढून भिवपुरीच लिहायचं.

‘पण आत्या, मग सगळ्यांना कळेल. त्यांनाही कळेल. ते आहेत ना अजून?’

‘हाय की. कर्जतलाच मुलाकडं राहतो, नातवंडं हायत. आपल्याच वाचनालयात येतो, बुधवारी. म्हणून तर मी रविवारी जाते.’ त्यांनी पुन्हा वाल उचलला, पण सोलला नाही. ‘मी त्याला हो म्हणाले नाय, आणि नाय बी म्हणाले नाय. भ्याले. सगळ्या जगाच्या पुस्तकांना निकाल देते, त्या एका माणसाला दिला नाय. त्याला वाटलं असंल, आपल्यात काय खोट होती. खोट नव्हती. तेवढं नीट लिव, पोरी. ते तुला माझ्यापेक्षा बरं लिवता येईल.’

मी वन्संकडे बघत होते. इतकी वर्षं मी ज्यांना घाबरत आले त्यांना त्या दुपारी मी जणू पहिल्यांदा पाहत होते, आणि खरं सांगते, माझी भीती कमी झाली नाही, उलट वाढली. आपली कीव करणाऱ्यांना ती करू देत, गुपचूप पापड आणत, आपल्या सुखाची किल्ली कमरेला खोचून एवढं आयुष्य काढायचं, आणि शेवटी आपली चूक आपणच एका पोरीच्या हातात देऊन तिला म्हणायचं की छाप. मला हे सात जन्मांत जमलं नसतं.

तेजूनं अर्धी कादंबरी पुन्हा लिहिली. प्रकाशक आधी कुरकुरले, मग वाचून गप्प झाले, आणि पुस्तक निघालं. वाचनालयात ते आलं तेव्हा बायकांनी वन्संना घेरलं. वन्सं म्हणाल्या, हे नात्यातलं स्थळ हाय, मी काही बोलायची नाय. सिस्टर एखाद्या पुस्तकाबद्दल बोलत नाहीत म्हणजे नक्की काय, याचा अर्थ कुणालाच लागेना, त्यामुळे सगळ्याच ते वाचायला मागू लागल्या. पण ते त्यांना मिळालं नाही. पहिल्याच बुधवारी एक म्हातारे सभासद, जे एरवी प्रवासवर्णनांशिवाय काही नेत नाहीत, नव्या पुस्तकांच्या मांडणीपाशी उभे राहिले, तेजूच्या पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर वाचला, मग पुन्हा वाचला, आणि पुस्तक घेऊन गेले. मनीषाताईंनी हे मला सहज सांगितलं; त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. वन्सं शेजारीच उभ्या होत्या.

तेव्हापासून दर रविवारी वन्सं आपलं पुस्तक टेबलावर ठेवतात आणि निकाल सांगायच्या आधी विचारतात, ते आलं का परत. मनीषाताई सांगतात, नाही हो सिस्टर, त्यांनी पुन्हा मुदत वाढवून घेतली. वन्सं बरं म्हणतात, आणि बाकीच्या कादंबऱ्यांचा निकाल देतात. पण आताशा तो थोडा मवाळ लागतो, मागच्या आठवड्यात तर त्यांनी तीन-तीन योगायोगांच्या एका पुस्तकाला चालेल म्हटलं. परवाच्या रविवारी उत्तर तेच आलं. आम्ही बाहेर पडलो. पायऱ्यांवर वन्संच्या चपलांचा आवाज नेहमीसारखा येत नव्हता. मला राहवेना. मी म्हटलं, वन्सं, मनीषाताईंना सांगून त्यांना एक फोन करायला लावू का? पुस्तकाची मागणी आहे म्हणून? निदान कळेल तरी, वाचलं का, काय वाटलं.

वन्सं थांबल्या. रस्त्यापलीकडे बघत त्यांनी पदर सारखा केला.

‘राहू दे,’ त्या म्हणाल्या. ‘त्यानं वर्सं काढली गं. माझे तर आत्ताशी महिनेच झालेत.’